कचेरीपुढचं टेबल

मधला माणूस आता जाणार, ही बातमी मी पहिल्यांदा ऐकली ती अकोल्याला, टायपिंगच्या क्लासात. राजीव गांधी पंतप्रधान होते, पेपरात कॉम्प्युटरवर रोज काही ना काही छापून यायचं आणि बँकांमधल्या युनियनांचा त्याला विरोध चालू होता. आमचे सर म्हणाले, "पोरींनो, मराठी तीस काढा अन् मोकळ्या व्हा. तुमची चाळीसची परीक्षा येईस्तोवर टायपिस्ट नावाचा प्राणीच शिल्लक राहत नाही." मी मिनिटाला तीस शब्दांची काढली, हट्टानं चाळीसचीही काढली, लग्न होऊन अमरावतीला आले आणि तेव्हापासून कचेरीपुढच्या एका टेबलाशी बसते आहे. मधल्या काळात टाइपरायटर गेला, फ्लॉपी गेली, तार गेली. अर्ज घेऊन येणारा माणूस काही गेला नाही, आणि तो आहे तोवर मलाही कोणी उठवत नाही.

टेबल माझ्या सासऱ्यांचं. मामाजी अर्जनवीस होते, म्हणजे दुसऱ्याचं गाऱ्हाणं सरकारला कळेल अशा भाषेत टाकानं लिहून देणारे. वऱ्हाडात हा धंदा जमिनीच्या कागदाबरोबर वाढला. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, पुढच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली, आणि वावराला नंबर आला, नंबराला खातेदार आला. खातेदाराला भाऊ असतोच, दोन भावांत धुरा, म्हणजे बांध, असतोच, आणि धुरा आला की अर्ज आला. कास्तकाराला वाचता येत नव्हतं आणि साहेबाला कास्तकाराची बोली कळत नव्हती. दोघांच्या मध्ये एक सतरंजी अंथरण्यापुरती जागा होती, तिथं अर्जनवीस बसला. त्याच्या डोक्यावरची सरकारं पुष्कळ बदलली. १९०३ नंतर वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपूरहून चालू लागला, १९५० मध्ये आम्ही मध्यप्रदेशात, १९५६ मध्ये मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात. मामाजी म्हणत, "वरचं नाव बदलते. खाली तेच लिहायचं, सदर इसमानं माझा धुरा कोरला."

यंत्राच्या बातमीवर मत देण्याची वऱ्हाडी सवय मात्र टाइपरायटरच्या आधीची आहे, आणि ती लावली कापसानं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्याच दशकात रेल्वे बडनेऱ्यावरून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, आणि त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेनं मुंबई इंग्लंडला जोडली गेली. लिव्हरपूलच्या भावाला आता बोटीची वाट पाहावी लागेना. तो भाव आधी मोठ्या व्यापाऱ्याला कळायचा, मग दलालाला, मग अडत्याला, आणि बंडी रिकामी झाल्यावर ज्याचा कापूस त्याला. पुढच्या शतकात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव तारेनं मुंबईला येत आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावत. १९६१ मध्ये ते आकडे यायचे थांबले, तर लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली आणि मटका जन्माला आला. ओपन-क्लोज हे शब्द पानठेल्यावर अजून राहतात. "कापूस आपला, भाव त्यायचा, आकडा सगळ्यायचा," असं मामाजी म्हणत. स्वतः कधी लावत नसत, निदान आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तरी तसंच सांगत.

टाइपरायटर आमच्या टेबलावर आला तो माझ्या आंदणातून. बाबांनी भांडी कमी केली आणि एक सेकंडहँड मराठी गोदरेज दिला. देशी बनावटीचा टाइपरायटर गोदरेजनं १९५५ मध्ये काढला होता आणि तो स्वतंत्र भारताच्या अभिमानाचा विषय होता, पण आमच्या आत्याबाईंना त्यात अभिमान दिसला नाही. सुनेच्या घरून लोखंड आलं, एवढंच त्या म्हणाल्या. मराठी मशीनवर क डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, काना उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, र उजव्या तर्जनीखाली. वेलांटी मात्र अक्षराच्या आधी मारायची. 'कि' लिहायचं तर आधी टोपी, मग डोकं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनं फार छळलं.

टाइप केलेला अर्ज साहेब आधी वाचतो अशी तेव्हा ठाम समजूत होती. खरी होती की नाही मला माहीत नाही, पण तिच्यावर आमचं घर चाललं. रिबिनीत वरची पट्टी काळी, खालची लाल. एक बावाजी दर्यापूरकडून यायचे, पांदण रस्त्याचा वाद होता. मजकूर सांगून झाला की हळूच म्हणायचे, "वहिनी, मुद्द्याचं थे लाल मारजा. साहेबाले दुरूनच दिसन." मी मारायची. कार्बन घालून चार प्रती काढायच्या, आणि चौथी, पुसट, ती अर्जदाराची. त्यावर कोणीतरी म्हणालंच होतं, "सरकारले कायं, मले फिकं. बरोबर हाय, उन्हात थोच फिरते."

२०११ मध्ये जगभरच्या पेपरांत बातमी झळकली की जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद पडला, आणि तो आपल्या मुंबईच्या गोदरेजचा. उत्पादन २००९ मध्येच थांबलं होतं, आणि बाहेरदेशी यंत्रं बनवणारे आणखीही होते, असं लगेच उघड झालं. पण शेवटचा म्हटलं की बातमी जड होते. आमच्या ओळीत त्या दिवशी मशीन घेऊन बसलेले कितीतरी जण होते. एकानं पेपर वाचला, घडी घातली, रोलरखाली ठेवली आणि म्हणाला, "आता आपुन पुरातन खात्यात." मग पुढचं वाटणीपत्र मारायला घेतलं.

कॉम्प्युटर आमच्याकडे आला नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आणि त्याच्यामुळे टेबलाला छप्पर आलं. उघड्यावर लिंबाखाली तो ठेवता येईना, म्हणून समोर गाळा भाड्यानं घेतला. टाइपरायटरही बाजूलाच ठेवला, कारण विदर्भात तेव्हा भारनियमन असं की दिवसाचे कितीक तास कॉम्प्युटर म्हणजे फुलदाणी ठेवायची जागा. मराठीसाठी कृतीदेव फॉन्ट टाकून दिला. त्यात कळा टाइपरायटरच्याच, म्हणून माझी बोटं खूश. पण आत खरं मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांना मराठी चेहरे लावलेले. 'राम' लिहिला, फ्लॉपीत घातला आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की तिथं जे, के, ई अशी तीन इंग्रजी अक्षरं. सरकारी ऑफिसात सीडॅकचे फॉन्ट, छापखान्यात श्रीलिपी, माझ्याकडे कृतीदेव, आणि प्रत्येकाचं मराठी दुसऱ्याला वाचता येईना. एका वकिलाचा पूर्ण दावा असा परग्रहावरचा होऊन बसला तेव्हा त्यांचा पक्षकार स्क्रीनकडे बघत म्हणाला, "हे समोरच्या पार्टीचं काम हाय."

व्हायरसची भीती त्याच काळातली. फ्लॉपीतून यायचा तो. पुण्याच्या कैलाश काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करून क्विक हील काढलं, ते आमच्या गाळ्यातही पोचलं. कास्तकाराला व्हायरस समजावून सांगावा लागत नाही. बोंडअळीशी उभा जन्म भांडलेला माणूस तो. "कोनती फवारनी लागते?" एवढंच विचारतो. मी म्हटलं, "वर्षाला एकदा, पैसे भरून." तो म्हणाला, "मंग अळी त्याईचीच असन." या शंकेला सॉफ्टवेअरच्या जगात पुष्कळ जुना इतिहास आहे हे मला नंतर कळलं. त्याला कळायला वाचावं लागलं नाही.

वायटूकेची बातमीही आली. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री सगळे कॉम्प्युटर वर्ष विसरणार, विमानं पडणार, बँकेतले पैसे शून्य होणार. आमच्याकडे ती फारशी चालली नाही. ज्याच्या खात्यावर शून्यच आहे त्याला घाबरवायचं कसं?

एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सवर मी फार लिहीत नाही, ते सगळ्यांनीच केलंय. तो चालवणारं एमकेसीएल २००१ मध्ये निघालं, कोर्स गावोगावी गेला आणि शासनानं कर्मचाऱ्यांना २००७ अखेरची मुदत घातली. तोवर पास व्हा, नाहीतर वेतनवाढ अडेल. केस पिकलेले गुरुजी नातवाच्या वयाच्या पोट्ट्याकडून माऊस धरायला शिकले. तो सबंध मोसम आमच्या गाळ्यात गर्दी होती. गुरुजी यायचे, दार लावून घ्यायला सांगायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "बाई, सेव्ह अन् सेव्ह ॲज यात फरक काय?" हुशार माणसं होती. फक्त विद्यार्थ्यांना दिसायला नको होतं.

मग युनिकोड आलं. विंडोजमधला मंगल हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. आता अमरावतीचा राम मुंबईतही राम दिसू लागला. मला याचा खरोखर आनंद झाला. पण त्यासाठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डच्या मांडणीत अक्षर आधी आणि वेलांटी नंतर. वर्षानुवर्षं जी बोटं आधी वेलांटीकडे धावली ती एका परिपत्रकानं थांबतात का? माझ्या पिढीच्या टायपिस्टांचे तेव्हाचे कागद बघा, वेलांट्या शेजारच्या घरात शिरलेल्या सापडतील. शेवटी आमच्यासारख्यांसाठी रेमिंग्टनच्या, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या, मांडणीनं युनिकोड लिहून देणारी साधनं निघाली, तेव्हा कुठं सुटका झाली.

यानंतरचा काळ हा आमच्या टेबलाचा खरा सुगीचा काळ, आणि याच काळात सगळ्यांत जास्त वेळा सांगितलं गेलं की आता मधला माणूस लागणार नाही. सात-बारा ऑनलाइन झाला. घरबसल्या काढा म्हणाले. हस्तलिखित उतारे कॉम्प्युटरात चढवताना चुका झाल्या असतील म्हणून २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. तलाठ्यानं, आमच्या बोलीत पटवाऱ्यानं, छापलेला उतारा मोठ्यानं वाचायचा आणि गावानं चूक सांगायची. कल्पना मला फार आवडली. कॉम्प्युटरची चूक शोधायला शेवटी पारावर बसलेली म्हातारी माणसंच लागली. पण सगळं गाव चावडीवर कुठं जमतं? जे राहिले ते माझ्याकडे आले. जमीन महसूल संहितेचं कलम १५५ हे लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचं. पूर्वी मी ते क्वचित मारत होते, आता त्याचा मजकूर मला झोपेत येतो. एक माणूस उतारा घेऊन आला. त्याचं क्षेत्र बरोबर, गट नंबर बरोबर, बापाच्या जागी मोठ्या भावाचं नाव. म्हणाला, "काहून वो वहिनी, थे मशीन चुकत नाही म्हन्ते, मंग यानं मले पुतन्या कसं केलं?" भाऊ सोबतच होता. तो म्हणाला, "राहू दे ना. वाटनीले सोपं जाईन." मग दोघं माझ्याच बाकावर भांडले, आणि मी अर्ज एकाऐवजी दोन मारले.

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. खात्यात पैसे टाका, गट नंबर घाला, छापा. हे काम चोख आहे, मी त्याला नाव ठेवणार नाही. पटवाऱ्याच्या मागे फिरणं वाचलं. पण ज्याच्याकडे प्रिंटर नाही तो येतो, ज्याला गट नंबर आठवत नाही तो येतो, आणि ज्याला या कागदावर शिक्का नाही म्हणून तो खोटा वाटतो तोही येतो. शेवटच्याला मी आमच्या दुकानाचा रबरी शिक्का मागच्या बाजूला मारून देते. त्यावर नुसतं दुकानाचं नाव आणि 'धन्यवाद' आहे. समाधानानं जातो.

बँकेत या काळात एक नवा शब्द आला, लिंक. पैसे काढायला गेलं की आतून उत्तर, लिंक नाही. कोणी पुढे विचारत नाही, कोणाशी नाही, कधीपासून नाही. पाऊस नाही तसं लिंक नाही. आमच्याकडे एक म्हातारी दर महिन्याला निराधारच्या पैशांसाठी यायची. तिनं एकदा शांतपणे विचारलं, "माय, थे लिंकबाई सुट्टीवरच रायते काय?"

आता हरिसालचं सांगते, कारण आमच्या जिल्ह्याचं नाव कॉम्प्युटरच्या बातमीत एवढं मोठं कधीच आलं नव्हतं. हरिसाल मेळघाटात, धारणी तालुक्यात, परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला जाताना लागतं. वस्ती बहुतेक कोरकूंची. २०१६ च्या सुमारास राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ते देशातलं पहिलं डिजिटल गाव करायचं ठरवलं. वायफाय, शाळेत ई-लर्निंग, दवाखान्यात दूरच्या डॉक्टरांचा सल्ला, जाहिराती. धारणीकडून एसटीनं येणारी माणसं आम्हाला त्याच्या गोष्टी सांगायची, अर्ध्या कौतुकाच्या, अर्ध्या नेटवर्क कुठल्या झाडाखाली येतं त्याच्या. मग २०१९ ची लोकसभा आली. राज ठाकरे सभांमध्ये 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत मोठ्या पडद्यावर चित्रफिती दाखवू लागले, आणि त्यांत हरिसाल आलं. डिजिटल गावाची प्रत्यक्ष हालत म्हणून. सरकारी जाहिरातीत लाभार्थी म्हणून दिसलेला मुलगाच त्यांनी मंचावर उभा केला. सत्ताधाऱ्यांनीही उलट व्हिडिओ लावून उत्तरं दिली. खरं किती, खोटं किती यावर आमच्या बाकावर दोन पक्ष पडले, गिला वडा थंड होईस्तोवर. धारणीकडचा एक गुरुजी तेवढा गप्प होता. दोघांनी त्यालाच विचारलं, तू सांग, तू तिकडचा. तो म्हणाला, "मी आजून पाह्यला नाही. लाव रे म्हन्लं, लावला. थो गोल फिरून रायला."

माझं मत विचाराल तर त्या गावावर अन्याय दोन्हीकडून झाला. कोरकू बाईला दवाखान्यात स्क्रीनवर डॉक्टर दिसला असेल तर ती खरी गोष्ट आहे, आणि पुढच्या वेळी दिसला नसेल तर तीही. पण पहिलं गाव म्हटलं की ते दाखवायचं गाव होतं, आणि दाखवायच्या वस्तूला मतं नसतात.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा कापूस घरात यायचा मोसम होता. दोन हजारच्या नव्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते, असं टीव्हीवर शपथेवर सांगत होते. रिझर्व्ह बँकेनं असं काही नाही म्हटलं तरी बातमी थांबेना. एका कास्तकाराला कापसाच्या चुकाऱ्यात तसली एक नोट मिळाली होती. ती त्यानं उन्हात धरली, उलटी केली, कानाला लावली. मी म्हटलं, "भाऊ, चिप-बिप काही नाही त्यात." तो नाराज झाला. "असती त बरं झालं असतं ना काकू. आपला पैसा जाते कुठं, थे एकडाव समजलं असतं." ('वहिनी'ची 'काकू' कधी झाले ते मला कळलं नाही. बहुतेक युनिकोडच्या आसपास.)

आणि पुढच्याच वर्षी कर्जमाफीचे फॉर्म आले. २०१७ च्या जूनमध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली, ३४,०२२ कोटींची, दीड लाखापर्यंतचं थकीत पीककर्ज माफ. अर्ज मात्र ऑनलाइनच. आधार, बँक पासबुक, आणि नवराबायको दोघांचे अंगठे. आधारची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीतून झाली होती, पण अंगठा म्हणजे काय ते वऱ्हाडाला या फॉर्मनं शिकवलं. केंद्रांसमोर पहाटेपासून रांगा. दिवसा साइट हलायची नाही, म्हणून रात्री दोनला फॉर्म भरायचे. आमचा मुलगा मशीनवर, मी कागद लावायला, आणि बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झोपलेली जोडपी. बाईला घरी सोडून आलेला नवरा परत पाठवावा लागायचा, आणि नवऱ्याशी वर्षभर न बोललेली बाई शेजारी उभी राहायची. एका अशा बाईनं अंगठा ठेवता ठेवता मला विचारलं, "हे माफ झालं त थे बी माफ कराव लागन काय?"

अंगठे उठत नव्हते. हे मला फार लागलं. निंदण, वेचणी, बोंडाचे काटे, जन्मभर वावरात राबलेली बोटं, त्यांच्या रेघा मशीनला दिसेनात. आम्ही ओलं फडकं ठेवलं, खोबरेल लावून पाहिलं, दहाही बोटं फिरवली. हातावर लिहिलेलं कष्टाचं आयुष्य मशीन पुरावा म्हणून मानत नव्हतं, आणि ज्याचा अंगठा पहिल्या झटक्यात उठायचा त्याच्याकडे रांगेतले संशयानं बघायचे, की हा वावरात जातो तरी का. दर्यापूरच्याच त्या पांदणवाल्या बावाजींचा नातेवाईक होता एक, सत्तरी गाठलेला. तो म्हणाला ते माझ्या मुलानं दाराला चिकटवून ठेवलं होतं पुष्कळ दिवस. "शायेतल्या मास्तरानं सांगतलं, अंगठा देऊ नोको, सही शिक. शिकलो. आता सही दाखोली त म्हन्ते अंगठा दे. देतो म्हन्लं, त म्हन्ते हा तुया नाही."

मुदत वाढत वाढत २२ सप्टेंबरवर गेली. दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली गेली आणि मग याद्यांचा घोळ बाहेर आला, यादी साइटवरून काढावी लागली. नंतर हिरवी यादी हा शब्द सुरू झाला. हिरव्या यादीत आला तो सुटला. गावात कोणी भेटलं की राम राम नंतर पहिला प्रश्न, हिरवा झाला काय? पावसाळा होऊन गेला होता आणि माणसं हिरवी व्हायची वाट बघत होती.

तेव्हापासून आमचं काम सरळ अर्जाचं राहिलंच नाही, अंगठ्याचं आणि ओटीपीचं झालं. १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी आली, आपल्या पिकाचा फोटो आपणच वावरात उभं राहून काढायचा. वावरात नेट नसतं आणि जिथं नेट असतं तिथं पीक नसतं. त्यावर फोटो आधी काढून नंतर चढवायची सोय आहे, पण ती समजावून सांगायला माणूस लागतो. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली आणि बायकांची रांग लागली. माझ्या टेबलाच्या इतिहासात पहिल्यांदा बायका स्वतःच्या नावाचा कागद करायला इतक्या संख्येनं आल्या, हे मी नोंदवून ठेवते. फोन मात्र पुष्कळींचा नवऱ्याकडे. ओटीपी यायचा तो त्याच्या खिशात, आणि तो वावरात, रेंजबाहेर. एक पोरगी वैतागून म्हणाली, "पंधराशे मले, अन् ओटीपी त्याले. म्हंजे विचारूनच घ्या लागते." मी तिला सिम बदलायचा फॉर्म दिला. तो फुकट भरून दिला.

आता परत कापसाचं. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस द्यायचा तर २०२५ पासून 'कपास किसान' हे ॲप आहे. नोंदणी करा, दिवस ठरवून घ्या, गाडी न्या. लिव्हरपूलच्या तारेपासून इथवर कापसाचं प्रत्येक यंत्र आधी कापसाजवळ न जाणाऱ्याच्या हाती पडलं. हे पहिलं दिसतंय जे कास्तकाराच्या नावानं उघडतं. उघडायला मात्र तो आमच्याकडे येतो.

आणि एआय. मुलगा म्हणाला, आई, कलम १५५ चा अर्ज आता हा लिहून देतो, तू बस. शेजारी एक जुना पक्षकार बसला होता, भावाचं नाव बापाच्या जागी, तोच रोग, गाव दुसरं. मुलानं मजकूर सांगितला आणि दोन मिनिटांत दीड पान मराठी छापून आलं. महोदय, मी आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो, वगैरे. व्याकरण माझ्यापेक्षा बरं. वेलांट्या सगळ्या जागेवर. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. पक्षकारानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "लय मोठा मानूस दिसते हा. पन माह्यं काम काय हाय थे याले माहीत नाही." मी दीड पानाच्या पाच ओळी केल्या, फेरफार नंबर घातला, वारसाच्या नोंदीची तारीख घातली, आणि खाली कोणत्या खिडकीवर द्यायचं ते पेन्सिलीनं लिहिलं. त्यानं खिशातून पैसे काढले, मोजता मोजता थांबला.

"काकू, त्या एआयले किती द्या लागते?"

मुलगा म्हणाला, "काही नाही. फुकट आहे."

"मंग त्यानं लिहिलं थेवढ्याचे कमी करा."